पेटीतली बुरशी आणि जुलैची हवा

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून व्हेल्ड शॅमेलिऑन हा परदेशी सरडा पाळतो आहे. काचेची पेटी, वर जाळी, तळाला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. जूनअखेरीपासून फांद्यांवर पांढरी बुरशी धरते. पुसली की चार दिवसांत परत. ८० टक्के आर्द्रता लागते म्हणून मुलगा दिवसरात्र फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, चालू ठेवतो. सासूबाई म्हणतात, कपाटात ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या ठेवा. काय करावं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, गोळ्या ठेवल्या असतील तर आधी उठून त्या काढा, मग पुढचं वाचा. डांबरगोळीची वाफ विषारी असते आणि त्या बंद जागेत ती थेट सरड्याच्या श्वासात जाते. कापूर, धूप, मच्छरची कॉइल हेही त्या खोलीत नको. सासूबाईंनी रोग मात्र बरोबर ओळखला आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर धरते तशीच ही बुरशी.

आता फॉगर. ८० टक्के हा आकडा खरा आहे, पण तो रात्रीचा. हा प्राणी येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागातला. रात्री गारवा उतरतो, पानांवर दव पडतं, ते तो चाटतो, आणि ऊन चढलं की सगळं सुकतं. दिवसा त्याला ३० ते ५० टक्के पुरतात. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडली तरी ८०-९० टक्के दमटपणा आत येतो आणि रात्रही उबदारच असते. उबदार, कोंदट हवेत वर धुकं सोडलं की बुरशीचं फावतं आणि त्याची फुप्फुसं धोक्यात येतात. पाऊस संपेपर्यंत फॉगर खोक्यात घालून माळ्यावर ठेवा.

हे मी पुस्तकी सांगत नाही. लालबागच्या चाळीत माझी पेटी ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेली होती आणि मीही आर्द्रता वाढवण्याच्याच मागे होते. एका सकाळी माझा शॅमेलिऑन मान वर करून, तोंड उघडं ठेवून बसलेला दिसला. कान जवळ नेला तर श्वासागणिक बारीक टिकटिक ऐकू येत होती. छातीचा संसर्ग होता. औषधं दिली, पण तो वाचला नाही. नंतर कुंडी उचलली तर खाली करड्या लवीचं गोल वर्तुळ, आणि मधोमध खायला सोडलेला एक रातकिडा मरून पडलेला. इतके दिवस मी फक्त फांद्या पुसत होते.

म्हणून कोकोपीट आजच काढा. तळ उघडा, खाली पाणी जमायला ट्रे, झाडं कुंडीतच. मनी प्लांट आणि जास्वंद दोन्ही चालतात. मातीवर मोठे गोटे पसरा आणि कुंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. मेलेले किडे आणि विष्ठा रोज उचला. बुरशी मुरलेली फांदी फेकून द्या. ती घासून वरून स्वच्छ दिसते, आतून नाही.

हवेला वाट हवी. दिव्याने तापलेली हवा वरच्या जाळीतून निघते, तेव्हा तिच्या जागी खालून ताजी यायला हवी. दाराखालची पट्टी कोकोपीटने बुजलेली नाही ना, ते बघा. वरच्या जाळीवर कॉम्प्युटरचा छोटा पंखा हवा बाहेर ओढेल असा लावा. त्याच्या अंगावर झोत नको. पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

पाणी तोडू नका. तो वाटीतून सहसा पीत नाही, थेंब टिपतो. सकाळी एकदा दोन मिनिटं फवारा मारा. दुपारी एक वाजता पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवा. बोट ओलं झालं तर उद्या फवारा कमी. त्याला पाणी पुरतंय का, हे विष्ठेसोबतच्या घट्ट लघवीवरून कळतं. पांढरी असेल तर ठीक, नारिंगी झाली तर पाणी कमी पडतंय.

आर्द्रतेचा मीटर खोटं बोलतो का, तेही घरीच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजवा आणि मीटरसकट घट्ट झाकणाच्या डब्यात आठ तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवेत. माझा एक ८८ दाखवत होता.

मुलाला एक विचारा : केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर या प्राण्याची नोंदणी केली आहे का? वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती आवश्यक आहे.

तोंड उघडं, मान वर, नाकाशी बुडबुडे, यातलं काहीही दिसलं तर पेटी साफ करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. आणि डिसेंबरात रात्री गार, हवा कोरडी झाली की फॉगर माळ्यावरून काढा, पण लावायचा पहाटेच्या दोन-तीन तासांपुरताच.