गंमत म्हणून वाचलेली बातमी

प्रिय पोरी,

परवा जिन्यात तू विचारलंस, "काका, रोज काय वाचू आणि कोणतं टूल आधी शिकू?" माझ्या एका हातात दुधाच्या पिशव्या, कानाला फोन, आणि फोनवर कुणाचा तरी पासवर्ड लॉक झालेला. "लिहून पाठवतो" म्हणालो ते खरं तर सुटायला. पण सोमवारपासून तू ऐरोलीला सर्व्हर सांभाळायच्या कामावर रुजू होतेयस, तेव्हा त्याच्या आत हे लिहून टाकतो.

आधी माझी फजिती ऐक. १ जुलै २०१२, रविवार, मी ऑन-कॉल, म्हणजे काही बिघडलं तर फोन मला. पहाटे साडेपाच वाजून गेले आणि फोनवर एसएमएसची रांग लागली. या मशीनचा लोड वाढला, त्या मशीनचा वाढला. रविवारी पहाटे आमच्या सर्व्हरवर चिटपाखरू नसतं. डोंबिवलीहून मिळेल ती लोकल पकडली, दादरला बदलली, अंधेरीला पोचलो. (मेगाब्लॉक सुरू व्हायला अजून वेळ होता, तेवढंच नशीब.) सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबलो. त्या खोलीचा रोजचा आवाज माझ्या कानात बसलेला होता, एसीची घरघर आणि तिच्याखाली पंख्यांची बारीक शीळ. त्या दिवशी सगळे पंखे एकदम वरच्या पट्टीत ओरडत होते. स्क्रीनवर बघतो तर जावाचे प्रोग्राम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस प्रोसेसर खाऊन बसलेले, आणि काम विचारशील तर शून्य.

एक मशीन रीबूट केलं, ते गप्प झालं. उरलेल्यांचं काय करावं या विचारात इंटरनेटवर शोधलं, तर जगभरचे सिस्टीम ॲडमिन हेच रडगाणं गात होते. त्या रात्री पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळावी म्हणून घड्याळात एक सेकंद जास्तीचा घातला होता, लीप सेकंद. ग्रिनिचला मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजतात, म्हणून आमची पहाट गेली. सेकंद घालताना लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, मुख्य घड्याळ मागे घेतलं, पण आतल्या टायमरना ते सांगायला विसरला. त्यामुळे "अर्ध्या सेकंदाने उठव" म्हणून झोपलेला प्रोग्राम ताबडतोब उठायचा, पुन्हा झोपायचा, पुन्हा उठायचा. उपाय काय, तर डेट कमांडने मशीनला त्याचीच वेळ पुन्हा सांगायची. सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर लोडचा आकडा उतरत गेला आणि पंखे एकेक करून खाली आले.

आता खरी लाजेची गोष्ट. त्या लीप सेकंदाची घोषणा जानेवारीतच झाली होती. मी ती वाचली होती. चहाच्या टपरीवर "यंदा एक सेकंद जास्त झोपायला मिळणार" असा विनोदही मारून झाला होता. सहा महिने माझ्या हातात होते. ही बातमी माझ्या मशीनबद्दल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ती खगोलशास्त्राची बातमी समजलो.

म्हणून काय वाचू याचं माझं उत्तर थोडं उलटं आहे. बातमी कुठेही वाच, पण पहिल्या परिच्छेदानंतर थांब आणि विचार, हे माझ्या कुठल्या मशीनवर आहे? याचं उत्तर पाच मिनिटांत देता येत नसेल, तर तुला बातम्यांची नव्हे, यादीची गरज आहे. कुठलं मशीन, त्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम, कुठलं व्हर्जन, कुठली सॉफ्टवेअर, ती कोणी टाकली, बंद पडली तर कोण बोंबलणार. एवढीच यादी. हे काम कंटाळवाणं आहे, आणि नव्या जागी पहिल्या महिन्यात तेच कर.

१० डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजेची बातमी फुटली. जावाच्या प्रोग्रामना लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, लिहायला मदत करणारी ही एक छोटी लायब्ररी. तिच्यात भोक असं, की लॉगमध्ये विशिष्ट अक्षरं येतील एवढं केलं तरी बाहेरचा माणूस आत येऊन आपला प्रोग्राम चालवू शकेल. सगळ्यांनी मशीनवर फाइलचं नाव शोधलं, आणि ज्यांना सापडलं नाही ते निश्चिंत झाले. पण ती जारच्या (जावाच्या गुंडाळलेल्या फाइलच्या) आत जार, त्याच्या आत आणखी जार, अशी बसलेली असायची. भाकरीच्या पिठातला खडा वरून चाळून दिसत नाही. आमचा एक व्हेंडर फोनवर शपथेवर सांगत होता, आमच्या प्रॉडक्टमध्ये जावा नाहीच. होतं. रिपोर्ट छापायच्या मोड्यूलमध्ये. माझ्या यादीत तीन वर्षांपूर्वीची एक ओळ होती, "रिपोर्टसाठी जावा लागतं", म्हणून सापडलं. पुढे त्याच महिन्यात २.१५, मग २.१६, मग २.१७ अशी व्हर्जनं येत गेली आणि दर वेळी तीच मशीन पुन्हा. दर वेळी शोधत बसलो असतो तर नाताळ तिथेच झाला असता.

उलटाही अनुभव आहे. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या टूलमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचं उघड झालं. ते करणाऱ्याने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. बातमी भयानकच होती, व्हॉट्सॲपवर सुट्टीच्या दिवशी नुसता कल्लोळ. मी यादी उघडली. चोरवाट ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, आमच्याकडे सगळीकडे ५.२. लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो. जुनी, शिळी वाटणारी, दहा-दहा वर्षं सपोर्ट असलेली सिस्टीम चालवतो म्हणून तुमच्या वयाची मुलं मला हसतात. हसू दे. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामाच्या मशीनवर, मला शिळंच चालतं.

पण त्या बातमीतला एक माणूस मात्र लक्षात ठेव. आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर. तो काही सुरक्षेचा तज्ज्ञ म्हणून शोधायला निघाला नव्हता. त्याला एवढंच खटकलं, की एसएसएचने, म्हणजे दुरून मशीनमध्ये, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तू आणि मी नेटवर्कला शिव्या देऊन पुढे गेलो असतो. नेहमी किती लागतो ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो मागे लागला आणि चोरवाट सापडली. सर्व्हर रूममध्ये कामाशिवाय उगाच पाच मिनिटं उभं राहायला मी सांगतो ते याचसाठी. तुमच्याकडे सगळं क्लाउडवर असेल तर रोज सकाळी ग्राफ बघ, काही बिघडलेलं नसताना बघ.

मथळ्यांवर विश्वास ठेवू नकोस हे तुला सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये "कुबरनेटीस डॉकर बंद करतंय" अशी आवई उठली. (डॉकर प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्यासकट डब्यात बांधतो, त्या डब्याला इमेज म्हणतात; कुबरनेटीस असे डबे अनेक मशीनवर चालवतं.) आमच्या साहेबांनी ती रात्री अकराला फॉरवर्ड केली, खाली तीन प्रश्नचिन्हं. खरी गोष्ट एवढीच, की दोघांना जोडणारा एक सांधा काढून टाकणार होते, आणि तो निघालाही दीडेक वर्षाने. डॉकरने बनवलेल्या इमेज आधीसारख्याच चालणार होत्या. मूळ घोषणा वाचायला सात मिनिटं लागली.

आणि अमेरिकेतल्या बातम्यांच्या नादात घरच्या सुटतात. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनचे, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, निर्देश आले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. कुठल्याही चकचकीत फ्रेमवर्कच्या बातमीपेक्षा या सरकारी कागदाने माझं आयुष्य जास्त बदललं. रोजचे लॉग किती जीबी, गुणिले १८०, त्याला डिस्क किती, तिचे पैसे कोण देणार, या हिशेबात माझा मे महिना गेला. (घड्याळांचं कलम मी मात्र फार प्रेमाने वाचलं.)

रोजची बातमी एखादवेळी सोडलीस तरी चालेल, पण लोकांनी आपल्या चुकांवर लिहिलेलं वाच. गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचं २०१७ सालचं आवर्जून वाच. ३१ जानेवारीच्या रात्री दमलेल्या इंजिनियरने दुसऱ्या सर्व्हरवरचं समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं. थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचारच उरले होते. ही चूक कुणाकडूनही होते, माझ्याकडूनही झालीय. पुढचं बघ. रोजचा बॅकअप मुळात तयारच होत नव्हता, कारण तो घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं आणि डेटाबेस नव्या. बरं, बॅकअप फसल्याची मेल तरी यायची, तर मेल सर्व्हर त्या मेलच नाकारत होता. वाचले ते कुणीतरी सहा तास आधी सहज हाताने घेतलेल्या एका कॉपीमुळे, आणि मधले सहा तास गेलेच. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना लोकांना दाखवली, याचा मला आदर आहे. ते वाचलं त्याच शनिवारी मी आमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितला. उतरला नाही. का नाही, ते भेटशील तेव्हा सांगेन, लिहायला लाज वाटते.

आता टूलचं. माझी कसोटी एकच. तू गणपतीला गावी गेलीयस, कोकणात रेंज नाही, आणि इथे तुझी स्क्रिप्ट अडली. मागे राहिलेला माणूस ती वाचून नीट करू शकेल का? या एका प्रश्नावर माझ्या अर्ध्या आवडी गळून पडल्या. पर्ल या भाषेत लिहिलेल्या माझ्या करामती आज मलाच कळत नाहीत. तेव्हा वीस-तीस ओळींपर्यंत बॅश (कमांडची भाषा), त्यापुढे पायथन, आणि सगळं गिटमध्ये, म्हणजे कोणी काय बदललं ते राहतं. अनेक मशीनवर एकच काम करायचं तर ॲन्सिबल, कारण समोरच्या मशीनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथनवर भागतं. एडिटर तुझ्या मर्जीचा घे, त्या भांडणात मला ओढू नकोस. पण व्हीआय हा जुना एडिटर येऊ दे. रात्री दोनला अर्धमेल्या मशीनवर दुसरं काही नसतं.

एआयबद्दल तुझा तोंडावर आलेला प्रश्न मला दिसला होता. मीही वापरतो. न समजणारा एरर त्याला वाचायला देतो, विसरलेला रेजेक्स (मजकूर शोधायचा साचा) लिहून घेतो. पण गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका मुलाने त्याच्याकडून आरसिंकची, म्हणजे फोल्डर कॉपी करणाऱ्या कमांडची, ओळ घेतली आणि मला दाखवायला आणली. ओळ दिसायला सुरेख. डिलीटचा पर्याय लावलेला, आणि कुठून-कुठे ही दोन्ही फोल्डर अदलाबदल झालेली. चालवली असती तर रिकाम्या फोल्डरने भरलेलं फोल्डर पुसून काढलं असतं, तेही तक्रार न करता. आरसिंकमध्ये पहिल्या फोल्डरच्या नावाशेवटी एक तिरपी रेघ दिली की आतला माल जातो, न दिली की फोल्डरसकट जातं, एवढ्याशा रेघेने फरक पडतो. ड्राय रन, म्हणजे खोटी-खोटी तालीम, करून बघ, मग एंटर मार. त्या मुलाने दाखवायला आणली, याबद्दल त्याला मी वडापाव खिलवला.

एक राहिलंच. ती यादी, आणि मशीन चालू करायचा क्रम, छापून ठेव, कागदावर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकलसुद्धा थांबल्या, आठवत असेल. ऑफिसात तेव्हा एकच मुलगा होता, आम्ही सगळे घरी. यूपीएस संपला, डिझेल जनरेटर रडतखडत सुरू झाला, आणि त्याचा फोन आला, "सर, कुठलं मशीन आधी चालू करू?" क्रम लिहिलेला होता. आमच्या विकीवर, म्हणजे ऑफिसच्या माहितीच्या वेबसाइटवर. आणि विकी त्यातल्याच एका बंद मशीनवर. आता रॅकच्या दाराला आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कागद चिकटवलेला असतो. पिशवी का, ते पावसाळ्यात एसीखाली उभी राहिलीस की कळेल.

माझ्या माळ्यावर एक जुना डेस्कटॉप आहे, चालू आहे. दुसऱ्या शनिवारी ये, घेऊन जा, त्यावर काय ते मोडूनतोडून बघ. मॉनिटरची केबल मात्र तुझी आण, माझी उंदराने खाल्लीय.

तुझा,
काका