झोनचा नकाशा पुरत नाही

अणुऊर्जा प्रकल्पाच्या जागेची सुरक्षितता तपासायला नव्याने लागला आहेस, म्हणून सांगतो. भूकंपाच्या नकाशातला झोन पाहून निर्धास्त होऊ नकोस. १९६७ च्या भूकंपापूर्वी कोयनेचा परिसरही स्थिरच मानला जायचा. जुन्या नोंदी खण. जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पाला त्सुनामीच्या लाटेचा अंदाज ५.७ मीटरचा होता, २०११ मध्ये आली ती १४-१५ मीटरची. आणि इ.स. ८६९ च्या त्सुनामीची वाळू त्याच किनाऱ्यावरच्या सेंदाईच्या भातशेतांखाली आधीच सापडलेली होती! तिथलंच ओनागावा अणुकेंद्र १४ मीटरच्या आसपास उंचीवर बांधलं होतं, ते तरलं. वीज गेल्यावर अणुभट्टी थंड ठेवायला लागणारे डिझेल जनरेटर कुठे बसवणार, हे पहिल्याच बैठकीत विचार; 'तळघरात' म्हणाले तर सोडू नकोस, पाणी आधी तिथेच शिरतं. वारा, लोकसंख्या वगैरे तक्त्यात भरलं जातंच. गाव रिकामं करायचा रस्ता मात्र भर पावसाळ्यात स्वतः जाऊन बघ.