नंबर तीनचा की आठचा

.३२ च्या लायसनवर रिव्हॉल्व्हर घ्यावी की पिस्तूल, या तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. ‘घेतल्यावर चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवून देईन, काढायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.’ २००८ साली ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या जुन्या घरी मी बायकोला जवळपास हेच ऐकवलं होतं. (त्याच वर्षी शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य अशी योजना निघाली होती. मित्रमंडळी मला त्यावरून किती छळत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

आधीच सांगतो, मी वकील नाही, बंदूक दुरुस्त करणारा कारागीरही नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. नियम बदलत असतात, तेव्हा कायद्याचं जे असेल ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारून घ्या. अर्ज, पोलीस पडताळणी, हे तुमचं झालेलंच आहे, त्यात शिरत नाही.

तुमचा पहिला मुद्दा: रिव्हॉल्व्हरला सेफ्टी नसते, म्हणून वहिनींना भीती वाटते आणि सेफ्टीचा खटका, म्हणजे चाप अडवणारी कळ, असलेलं पिस्तूल घ्यावंसं वाटतं. आमच्याकडेही हाच वाद झाला होता. तो मिटला साडूंच्या जेवणाच्या टेबलावर. साडूंनी आपलं .३२ चं पिस्तूल दाखवायला काढलं, मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) उपसून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ‘बघा, रिकामं. वर सेफ्टीपण लावलीय.’ माझा मामेभाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. तो काही बोलला नाही. पिस्तूल हातात घेतलं, तोंड भिंतीकडे केलं, खटका खाली केला आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. आतलं काडतूस स्टीलच्या ताटात टण्णकन पडलं, कोशिंबिरीच्या शेजारी. साडूंचा चेहरा मी अजून विसरलो नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, हा समज सगळ्यांत वाईट. नळीच्या मागे चेंबरमध्ये चढलेली गोळी मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही, आणि खटका लावलेला आहे म्हणून ती नाहीशीही होत नाही.

रिव्हॉल्व्हरला खटका नसतो कारण त्याचा चापच लांब आणि जड असतो. हॅमर (मागचा घोडा) खाली असताना चाप पूर्ण ओढायला बोटाला चांगला जोर लावावा लागतो. हॅमर हाताने मागे चढवला की मात्र तोच चाप हलका होतो, आणि लोक सिनेमात बघून नेमकं तेच करतात. जुन्या घाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत हॅमर अडवणारी आतली पट्टी नसते. त्यात सिलिंडरमधलं (गोळ्यांच्या फिरत्या चक्रातलं) हॅमरखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत आहे, कारण खाली पडली तर धोका. तुम्ही जी घ्याल तिच्यात ती पट्टी आहे का, हे दुकानदाराला विचारा. ‘सेफ्टी आहे का?’ या प्रश्नाला दुकानदार ‘हो’च म्हणणार.

पुतण्या ग्लॉक पिस्तूल घ्या म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ग्लॉकला बाहेरून खटकाच नाही. चापातली छोटी जीभ धरून तीन सेफ्ट्या आहेत, त्या चाप ओढला की आपोआप सुटतात. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते नेमकं त्यात नाही. शिवाय ग्लॉक १७ पडते ९ एमएमची. तो बोअर, म्हणजे नळीचा व्यास, प्रतिबंधित, तुमच्या-माझ्या परवान्यावर मिळत नाही. आणि ‘प्लास्टिकची आहे, एअरपोर्टच्या मशीनमध्ये दिसत नाही’ हेही त्याला सांगा की थाप आहे. फ्रेम पॉलिमरची असली तरी स्लाइड आणि नळी पोलादाची असते.

आता धातू. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याची निर्भीक रिव्हॉल्व्हर आली, टायटॅनियमच्या मिश्रधातूची फ्रेम, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. लोक टायटॅनियम ऐकून भारावले. हलकी आहे, पर्समध्ये मावते, मान्य. पण हलकी म्हणजे झटका मनगटाला जास्त आणि दुसरी गोळी नेमकी बसवणं अवघड. माझी जुनी .३२ पोलादाची, जड, खिशात ठेवली तर पँट खाली ओढते, पण हातात स्थिर राहते. २०२३ च्या प्रबल रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडतं, ती सातशे ग्रॅमची. मला विचाराल तर मधलं वजन बरं. पण हे माझं मत, नेमबाजीच्या मैदानावर कोणी उलट सांगितलं तर त्याचं ऐका.

आता मूळ दुखणं, ते चामड्याचं कव्हर. २०२२ ची महापालिका निवडणूक आठवते ना, मतदान ६ जुलैला, म्हणजे ऐन पावसात. आचारसंहिता लागली तशी जूनमध्ये शस्त्र जमा करायची नोटीस आली. मी रिव्हॉल्व्हर पुसली, चामड्याच्या होल्स्टरमध्ये घातली, वर बायकोच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा गुंडाळला. किती काळजी! काडतुसंही पट्ट्याच्या खाचांत तशीच. जिथे जमा केली त्या जागेचं नाव घेत नाही. तिथल्या खोलीच्या भिंतीला ओल होती, छतातून थेंब पडत होते आणि शस्त्रं जमिनीवर पोत्यात होती, एवढं पुरे. परत मिळाली ऑगस्टमध्ये.

होल्स्टर उघडलं. चामड्याची आतली बाजू जिथे जिथे टेकली होती, तिथे तिथे तपकिरी ठिपके, नळीवर बोटभर लांब पट्टा. काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर. निळी-काळी झळाळी म्हणजे रंग, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती पोलादावरची अगदी पातळ कातडी असते, गंज नीटसा अडवत नाही, तेल धरून ठेवते इतकंच. आणि चामडं ओल शोषतं, कमावताना वापरलेला आम्लाचा अंशही त्यात राहतो. म्हणजे मी शस्त्राला दोन महिने ओला पट्टा बांधून ठेवला होता.

इथवर निभावलं असतं. खरी चूक पुढे. ओळखीचा एक जण म्हणाला, ‘आणा, पॉलिश पेपरने काढून देतो, नवीसारखी होईल.’ त्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे का, हे मी विचारलं नाही. झाली नवीसारखी. चकचकीत. फ्रेमवर कोरलेल्या शस्त्राच्या नंबरासकट.

हे मला कळलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, विधानसभेच्या वेळी. टेबलामागचा माणूस परवाना बघतो, रिव्हॉल्व्हर बघतो, पुन्हा परवाना बघतो. मग मोबाईलचा दिवा लावून, भिंग घेऊन म्हणतो, ‘ये तीन है कि आठ?’ मलाही सांगता येईना. आठाचा डावा भाग घासला गेला होता की मुळातच तीन होता, कोण जाणे. शस्त्रावरचा नंबर मिटवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, हे तेव्हा त्याच्या तोंडून ऐकलं. घाम फुटला म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं.

पुढचे पाच महिने मी एका कार्यालयाचे जिने चढलो. हे म्हणणार त्यांना मागा, ते म्हणणार यांना मागा. एक बाबू दर खेपेला ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणायचा, आणि साहेब आतच फोनवर असायचे, दार उघडं. सुटका केली दोन कागदांनी: २००८ ची विक्रीची मूळ पावती आणि २०२२ ला जमा केल्याची पोच, दोन्हींवर पूर्ण नंबर होता. आई सांगायची कागद फाडू नये, तेवढं ऐकलेलं कामी आलं.

तेव्हा घेतल्याच्या दिवशीच नंबराचे जवळून फोटो काढा, उजेड तिरका पडू द्या म्हणजे कोरीव आकडे उठून दिसतात. गंज दिसला तर परवानाधारक कारागिराकडेच जा, आणि नंबराच्या आसपास पॉलिश पेपर लावू नका असं लिहून द्या. होल्स्टर बाहेर नेण्यापुरतं. घरी कपाटात हलक्या तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडावर, सिलिका जेलच्या पुडीसोबत, कुलपात. काडतुसं वेगळी, तेलापासून लांब. आणि खोबरेल नको! आपल्याकडच्या थंडीत ते थिजतं, चाप गोंद लावल्यासारखा होतो. मी एका जानेवारीत हेही करून बसलोय.

निवडणुकीच्या वेळी ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येतं. मला हे चौदा वर्षं कोणी सांगितलं नाही. विक्रेता थोडे पैसे घेतो, पण त्याच्या तिजोरीला छत असतं.

वरातीत उडवायला कोणी मागेल, आपल्या चंबळात मागतातच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मेहुणा रुसला तर रुसू द्या.

राहिली एक गोष्ट, तुम्ही ‘.३२ चं लायसन मिळालं’ एवढंच लिहिलंय. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एक दुसऱ्यात चालत नाही. लायसनवर रिव्हॉल्व्हर लिहिलंय, पिस्तूल लिहिलंय की दोन्ही, ते आज बघा आणि इथे कळवा. पिस्तुलाचे पैसे भरण्याआधी बघा.