लोकटक सरोवर आणि तिथलं सांगाई हरीण वाचवायला आधी काय करायला हवं?

आधी पाण्याची पातळी. मणिपूरमधल्या या सरोवरात फुमदी, म्हणजे गवत, मुळं नि मातीचे तरंगते थर असतात. सांगाई राहतात ते केयबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान बरंचसं त्यांवरच आहे. पूर्वी कोरड्या महिन्यांत पाणी उतरलं की फुमद्या तळाला टेकायच्या, मुळांना पोषण मिळायचं. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला, विजेसाठी पाणी वर्षभर चढं राहू लागलं आणि फुमद्या पातळ झाल्या. त्यांनी हरणाचं वजन पेलायचं कसं? (१९७५ च्या गणनेत सांगाई जेमतेम १४ उरले होते, संरक्षणामुळे वाढले.) म्हणून कोरड्या दिवसांत बंधाऱ्याची दारं उघडणं मला पहिलं काम वाटतं. नंबुल नदीतून येणारं इम्फाळचं सांडपाणी त्यानंतर.