पित्त नाही गं ते!

प्रश्न: ताई, माझी मुलगी दीड वर्षाची आहे. आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास भरवले तर दहा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, अंगभर गांधी उठल्या आणि दोनदा उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात उतरलं. महिन्याने राजगिऱ्याचा लाडू चाटला तर परत तेच, ह्यावेळी ओठ पण सुजला. डॉक्टर म्हणाले शेंगदाणा बंद. मी आपल्या मनाने लॅबमधे मोठं फूड पॅनल करून घेतलं, त्यात शेंगदाण्याबरोबर गहू, तूरडाळ, वांगं, केळं पण पॉझिटिव्ह आलं. सगळं बंद केलंय, पोरगी दूधभातावर आहे, वजन वाढत नाहीये. घरचे म्हणतात तुझी फॅडं आहेत. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर: अगं, आधी तो रिपोर्ट बाजूला ठेव. रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलीय इतकंच, खाल्ल्यावर त्रास होणारच असं नाही, म्हणून तर डॉक्टर आधी काय खाल्लं, किती वेळाने काय झालं हे विचारतात आणि मग मोजक्याच टेस्ट लिहितात. पोळी, वरण, केळं ती आधी खात होती ना? काही झालं होतं का? नसेल तर बंद करायचं कारणच नव्हतं. फक्त आता बरेच दिवस बंद आहे तर परत सुरू करताना ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारून कर, आणि लवकर विचार, दीड वर्षाचं पोर नुसत्या दूधभातावर नको. रिपोर्टवर आयजीजी (IgG, रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीचं नाव) लिहिलं असेल तर तो सरळ रद्दीत टाक, फूड ॲलर्जी ठरवायला त्या टेस्टचा काही उपयोग नाही.

आता त्या पित्ताबद्दल. मी डॉक्टर नाही, पण माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि त्याला पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्याकडेही आमसूलच भिजत पडलं होतं, काकडीच्या कोशिंबिरीतल्या चमचाभर कुटाने. नुसत्या गांधी असत्या तर एकवेळ ठीक, पण अंगावर गांधी आणि त्याच वेळी उलट्या, म्हणजे एकदम दोन ठिकाणी परिणाम, ह्याला पित्त म्हणून सोडायचं नाही, ही मोठी रिॲक्शन असू शकते. दोन्ही वेळा आपोआप उतरलं म्हणून तिसऱ्यांदाही उतरेल असं धरून चालू नकोस. आवाज बसला, घरघर, सारखा खोकला, अंग गळून गेलं, तर १०८ ला फोन, पोरीला आडवं ठेवायचं, खांद्यावर उभं धरून फिरवायचं नाही (दम लागत असेल तर मांडीवर बसवायचं). सेटिरिझिनने (ॲलर्जीवर नेहमी देतात ते औषध) खाज कमी होते, घसा उघडत नाही. त्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. परदेशात ते पेनसारखं मिळतं, आपल्याकडे सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर अँप्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज घरी ठेवायला देतात आणि कसं द्यायचं ते शिकवतात. हे तू स्वतःहून विचार. डोस वजनावर असतो, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पोरगी वाढली की चिठ्ठीही बदलून आणायची. आणि इंजेक्शन दिल्यावर बरी वाटली तरी हॉस्पिटलला न्यायचंच, काही तासांनी परत उठू शकतं.

राहिलं स्वयंपाकघर, आणि खरी लढाई तिथेच आहे, कारण आपल्याकडे कूट कशात नसतं ते सांगा! भरली वांगी, कोशिंबीर, उपासाचं सगळं, चिवडा, शिवाय तुम्ही पडलात भडंगवाले. आमच्याकडे दाणे बंद झाले होते, डबे धुवून झाले होते, तरी तीन आठवड्यांनी हिरवी चटणी खाऊन पोराचा ओठ सुजला. चटणीत दाणे नव्हते. मी वेड्यासारखी शोधत होते, शेवटी मिक्सरच्या झाकणाचं रबर सुरीने उचकटलं तर खाली कुटाची तपकिरी रेघ बसलेली, घट्ट, ओलसर. भांडं रोज घासत होतो, रबर कोणी काढतंय! त्या दिवशी नवीन भांडं आणलं आणि त्यावर लाल नेलपेंटचा ठिपका लावला. आणि लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घरात असेल तर तेही काढ, रिफाइंडमधे प्रोटीन जवळजवळ उरत नाही पण घाण्याच्या तेलात राहतं. पाकिटावर २०२० च्या एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमांप्रमाणे शेंगदाणा लिहावाच लागतो, पण दुकानातल्या सुट्या मिठाईवर कोण लिहिणार, ती नकोच.

सासूबाईंना फॅड वाटतंय ना? माझ्याही सासूबाईंना वाटायचं. वाद घालून काही झालं नाही, मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि सिरिंज भरायला आधी त्यांना शिकवायला सांगितलं, कारण दिवसा पोर त्यांच्याकडेच असायचं. आता पाहुण्यांच्या पिशव्या त्याच तपासतात, मला लाजल्यासारखं होतं.

प्रश्न: मोठ्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. धाकटी नात सात महिन्यांची. सुनेने तिलाही दाणे द्यायचे नाहीत असं ठरवलंय. बरोबर आहे का?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर: काका, तिने एकदा बघितलंय, तिची भीती खोटी नाही. पूर्वी डॉक्टरही असंच सांगायचे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली जास्त धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत दाणे नकोत म्हटलं आणि २००८ मधे ते मागे घेतलं. मग लंडनमधे जास्त धोका असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास झाला, २०१५ मधे निकाल आला: ज्यांनी दाणे टाळले त्यांच्यात पाचव्या वर्षी १७ टक्क्यांना ॲलर्जी, ज्यांनी लहानपणापासून खाल्ले त्यांच्यात ३ टक्के. म्हणजे टाळून उलटंच होत होतं. नातीला अंगभर एक्झिमा (कोरडी, लाल, खाजरी त्वचा) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर, नसेल तरी तुमच्या घरात एकदा विचारून घ्याच. मग अगदी बारीक वाटलेली पेस्ट, चमच्याच्या टोकाएवढी, नाचणीच्या सत्त्वात पातळ करून, सकाळच्या वेळी, बाळ बरं असताना, आणि दोन तास लक्ष ठेवायचं. सोसलं तर आठवड्यातून दोनतीनदा चालू ठेवायचं, मधेच सोडायचं नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. हे सगळं मोठा शाळेत गेल्यावर करा, वाटी वेगळी ठेवा, आणि नंतर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन जात नाही.