ताईत काढून टाक

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मालिकेचा शेवटचा भाग काल रात्री दोनदा वाचला. एकदा नुसता, एकदा लाल पेन घेऊन. पेन बरंच चाललं, तेव्हा कागद हातात पडले की आधी पाणी पी, मग वाच.

आधीचे सात भाग चांगलेच आहेत. एम्प्रेस मिल या कापडगिरणीचा भोंगा होतो आणि तुझी नायिका, ती कोष्ट्याची पोर, अर्धी भाकर फडक्यात गुंडाळून धावत सुटते, तिथे मी वाचायचा थांबलो आणि चहा ठेवला. मला काही आवडलं की मी चहा ठेवतो, हे तुला माहीत आहे. तिचा बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, धोटा हातात तसाच धरून पोरीच्या पाठमोऱ्या पायांकडे बघतो. ज्या मिलनं त्याचा धंदा बुडवला, त्याच मिलच्या पगारावर त्याच्या घरची चूल पेटते. एवढं सगळं तू एका ओळीत आणलंस, एकही शब्द समजावून न सांगता.

आणि मग आठवा भाग. म्हातारा मालगुजार, म्हणजे नायकाचा जमीनदार बाप, काठी आपटतो, झटापटीत पोरीच्या गळ्यातला चांदीचा ताईत तुटतो, त्यातून चिठ्ठी निघते. चिठ्ठीत काय, तर ही कोष्ट्याची पोर नव्हेच, प्लेगच्या साली हरवलेली कुण्या दिवाणाची नात! लगेच वाड्यावर सनई.

काहून बेटा? सात भाग तू मालगुजाराशी भांडत होतीस, आणि ते भांडण खरं होतं. आठव्यात तू गुपचूप त्याच्याच पंगतीला जाऊन बसलीस असं वाटलं. तो पहिल्यापासून हेच म्हणत होता ना, की सून तोलामोलाची हवी? तू त्याला ती आणून दिलीस. हरलं कोण? तो म्हातारा तर नाहीच.

परवा फोनवर तू ब्रिजर्टन या नेटफ्लिक्सवरच्या इंग्रजी मालिकेच्या चौथ्या पर्वाचा दाखला दिलास, म्हणून तेही बोलून घेऊ. नातीनं लॅपटॉप लावून दिला, मी सगळे भाग पाहिले. कपडे, झुंबरं, मुखवट्यांचा नाच, सगळं झकास. पण मला विचारशील तर त्या पर्वातली सर्वात खरी जागा शेवटच्या लग्नात नाही. ती मध्यावर, जिन्यात आहे. बेनेडिक्ट मोठ्या घरचा, सोफी मोलकरीण. तो तिच्यावर जीव टाकतो आणि तोंडातून काय निघतं, तर माझी रखेल हो. तो दुष्ट नाही. त्याला वाटतं आपण फार मोठं मन दाखवतोय. वर्गाची भिंत म्हणतात ती ही, बेटा. प्रेमात पडलेल्या चांगल्या माणसाच्या जिभेवरही ती असते. माझी तक्रार एवढीच, की सोफी मुळात एका सरदाराची अनौरस मुलगी आहे ही उशी लेखकांनी आधीपासून खाली ठेवलेली आहे. पडलो तरी लागणार नाही. तू नेमकी उशी उचललीस आणि जिना सोडलास.

(जाता जाता: ब्रिजर्टन ज्या काळातली, त्याच काळात, नोव्हेंबर १८१७ मध्ये, आपल्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज कंपनी सरकारशी लढत होती. कधी नाचाच्या दृश्यातून थेट टेकडीवर कट मारणारं काही लिहावंसं वाटलं तर मला सांग, मी फुकटात मदत करीन.)

मी हे शहाणपण शिकवतोय असं समजू नकोस, मी हीच चूक केली आहे. पंचविशीत एका हौशी मंडळीसाठी नाटक लिहिलं होतं. गिरणीतली पोरगी, वकिलाचा मुलगा, तिसऱ्या अंकात तिच्या खऱ्या कुळाचा उलगडा. माझ्याकडे ताईत नव्हता, पत्र्याची पेटी होती, एवढाच फरक. पैसे नव्हते, म्हणून नायिकेचं लुगडं आमच्या गल्लीतल्या एका बाईंकडून मागून आणलं. त्या मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. हिरवं, काठ विटलेलं, पदराला एका जागी रफू. त्या आपलं लुगडं स्टेजवर कसं दिसतं ते बघायला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि पहिल्या अंकात शेजारणीला कोपरानं ढोसून ढोसून दाखवत होत्या. तिसऱ्या अंकात पेटी उघडली, कूळ कळलं, आणि आम्ही नायिकेला दिग्दर्शकाच्या बहिणीचा शालू नेसवून आणलं. टाळ्या पडल्या. मी विंगेत फुगलेला.

नाटक सुटल्यावर त्या लुगडं न्यायला आल्या. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काहून जी, माह्यं लुगडं सोडल्यावरच तिचं लगन जमलं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही, म्हणून तुला लिहितोय.

तेव्हा ताईत काढून टाक. मग तुझ्या हातात काय उरतं? तू म्हणशील, मग शेवट घडवायचा कसा, म्हातारा मानेल कसा? त्यानं मानायलाच हवं असं कुणी सांगितलं? तुझ्या कथेचं साल १९२६ आहे. त्या साली कायदा काय होता ते तू पाहिलेलं दिसत नाही, आणि इथे माझा थोडा राग आहे, कारण तुझा शेवट त्या कायद्यात तयार पडला आहे.

१८७२ च्या विशेष विवाह कायद्यात आधी मी हिंदू वगैरे नाही असं लिहून द्यावं लागायचं. १९२३ च्या दुरुस्तीनं ती अट सैल झाली आणि धर्म न नाकारता हिंदूंना जातीबाहेर लग्न करता येऊ लागलं. पण फुकट नाही. असं लग्न केलं की मुलगा एकत्र कुटुंबातून तिथल्या तिथे विभक्त धरला जाई. हिस्सा बुडत नसे, पण तुटणं कागदावर होई. त्याला पुढे दत्तक घेता येत नसे. आणि तो बापाचा एकुलता एक असेल, तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा होती.

आता तुझा मालगुजार बघ. काठी आपटायची त्याला गरजच नाही. तो भटजीला बोलावतो, पुतण्याला नवं धोतर देतो, आणि मुलाशी तेवढाच गोड बोलतो जेवढा काल बोलत होता. जेवताना विचारतो, तूप वाढू का? त्या तुपाच्या वाटीत जेवढा धाक आहे, तेवढा शंभर काठ्यांत नाही.

दुसरं. रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावं लागायचं, आणि नोटिशींची वही कुणालाही फुकट बघता यायची. चौदा दिवस, बेटा! अख्ख्या महाल नि इतवारी भागाला कळायला दोन पुरेत. उरलेल्या बारांत काय काय होतं? बापाला सूत उधार देणारा सावकार अचानक रोकड मागतो. जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम, तिच्याशी वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. मुलाच्या मॉरिस कॉलेजातले पुरोगामी मित्र एकेक करून कामात अडकतात. तुझा आठवा भाग हे चौदा दिवस आहे. सनई नको, ताईत नको, तारखा हव्यात.

आणि तिसरं, ज्यासाठी मी मुळात हे पत्र लिहायला बसलो. त्या कायद्यात २१ पुरे न झालेल्याला बापाची किंवा पालकाची संमती लागायची. तुझी नायिका अठराची आहे. म्हणजे तिच्या बापाची सही लागणार. कळतंय का तुला? सात भाग सगळे वाड्याच्या दाराकडे डोळे लावून बसलेत, की मालगुजार हो म्हणतो की नाही. आणि इंग्रज सरकारचा कागद येतो तो कोष्ट्याच्या खोपटात, मागाशेजारी, आणि म्हणतो, तुमची परवानगी आहे का? आयुष्यात त्या माणसाला कुणी असं विचारलेलं नाही. सूत कोणत्या भावानं द्यायचं हेसुद्धा नाही. तो लगेच हो म्हणेल असं मला वाटत नाही. त्यालाही जात आहे, पंचायत आहे, धाकट्या दोन पोरी उजवायच्या आहेत. शिवाय त्याला मुलगा पटलेला आहे की नाही, हे तू सात भागांत एकदाही त्याला विचारलं नाहीस. मीही वाचताना विचारलं नाही. हे दृश्य घाई न करता लिही. त्याला अंगठा उठवायला लावू नकोस, त्याला मोडकीतोडकी सही येते असं कर, आणि सही करायला तो किती वेळ लावतो ते दाखव.

बाकीचं किरकोळ. हार घालून आर्यसमाजी लग्न उरकण्याचा तुझा पर्यायी मसुदा नको. तशा लग्नांना कायद्याचा पक्का आधार १९३७ मध्ये मिळाला, तोवर तुझी नायिका दहा वर्षं टांगणीला. प्रेमिकांच्या भेटी अंबाझरी तलावावर घालू नकोस. दिवसभर उभं राहून काम केलेली पोरगी चांदणं बघायला एवढी पायपीट करील? मिलला लागूनच जुम्मा तलाव होता, आताचा गांधीसागर, तिथे बसव, आणि पाळी सुटल्यावर तिचे पाय दुखू देत. "प्रिये" एकूण अकरा वेळा आलंय, मी मोजलं. नागपुरात १९२६ साली काय, आजही कुणी म्हणत नाही.

सहीच्या दिवशी तिच्या अंगावर कोणतं लुगडं आहे, ते मला पहिल्या परिच्छेदात वाचायला मिळालं पाहिजे.

आणि हो, नायकाचं वय परत मोज. पहिल्या भागात त्याला विसावं लागलंय आणि तुझी गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीत संपते. म्हणजे त्यालाही बापाची सही लागेल. एक तर त्याला दोन वर्षं मोठा कर, नाहीतर सगळं पहिल्यापासून बदलावं लागेल.

पुढच्या रविवारी ये. सकाळी नको, सकाळी मी झोपतो.

तुझा,
काका