मन लागत नाही, ते नेमके कशामुळे?

पंचेचाळिशीच्या पुढची, नोकरीत बढती मिळालेली, घर बांधून झालेली, मुले कॉलेजात गेलेली अनेक माणसे माझ्याकडे येतात आणि थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगतात, की पूर्वीसारखे कशातच मन लागत नाही. कामे होतात, पण दिवस ढकलल्यासारखा जातो आणि हे नैराश्य तर नव्हे, अशी धास्ती वाटू लागते. याचे सरसकट उत्तर देण्यापेक्षा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका सुपरवायझरांची हकिकत त्यांच्या संमतीने सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

हे गृहस्थ आयटीआय करून लेथवर, म्हणजे धातू कातून आकार देणाऱ्या यंत्रावर लागले, अनेक वर्षे टर्नर, म्हणजे लेथचे कारागीर म्हणून नावाजले गेले आणि त्याच गुणावर सुपरवायझर झाले. पगार वाढला, उभे राहणे कमी झाले. "मॅडम, पूर्वी लेथवर उभा राहिलो की जेवणाची सुट्टी झाल्याचं पण कळायचं नाही. आता बघावं तवा घड्याळाकडंच लक्ष जातंय," असे ते पहिल्याच भेटीत म्हणाले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे, की ते घरी असून नसल्यासारखे असतात आणि जेवण झाले की झोप येईपर्यंत मोबाइल हातातून सुटत नाही.

अशा वेळी आधी नैराश्याची शक्यता तपासावी लागते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगणे नकोसे होणे यांपैकी काही असेल, तर तल्लीनतेच्या गप्पा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलताही येते. या गृहस्थांची झोप-भूक ठीक होती, नातेवाइकांत हसणे-बोलणे होते. हरवली होती ती तल्लीनता.

या अवस्थेचा अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर केला आणि तिला 'फ्लो' हे नाव दिले. बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यचिकित्सक, नर्तक अशा लोकांशी बोलून त्याने 1975 मध्ये जे मांडले, त्याचा गाभा असा, की माणूस कामात बुडून जातो तेव्हा पुढे काय करायचे हे त्याला स्पष्ट असते, आपले बरोबर चालले आहे की चुकते आहे हे तत्क्षणी कळत असते आणि कामाची अवघडता त्याच्या कौशल्याला पुरून उरणारीही नसते आणि फार सोपीही नसते. अवघडता वाढली की धाकधूक होते, कौशल्य वरचढ झाले की कंटाळा येतो.

आता लेथचे काम यावर लावून पाहा. ड्रॉइंगवर माप दिलेले असते, मायक्रोमीटर लावला की शंभरांश मिलिमीटरचा फरकही दिसतो, टूल बोथट होऊ लागले की आवाज बदलतो आणि प्रत्येक नवा जॉब, म्हणजे घडवायचा नवा भाग, हाताला थोडे काहीतरी नवीन मागतो. तल्लीनतेला लागणारे सगळे त्या कामाच्या घडणीतच होते, त्यासाठी मनाला वेगळे वळण लावावे लागत नव्हते. सुपरवायझर झाल्यावर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी फोन, आज नक्की काय साधायचे याचा पत्ता नाही आणि काम कसे झाले हे कळणार ते महिनाअखेरीस, रिजेक्शनचा, म्हणजे बाद नगांचा आकडा ऑफिसातून आल्यावर. म्हणजे बिघडले होते ते कामाचे स्वरूप, आणि हे गृहस्थ मात्र स्वतःचे मन तपासत बसले होते. दर थोड्या वेळाने "लागलं का मन?" असे स्वतःला विचारणे हा तल्लीनता पळवून लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण तिच्यात स्वतःकडे पाहणारी नजरच तेवढ्यापुरती विरून गेलेली असते.

मी त्यांना एक आठवडाभर मोबाइलवर दिवसातून काही वेळा, अवेळी वाजणारे गजर लावायला सांगितले. गजर झाला की हातात काय होते, ते किती अवघड वाटत होते आणि मन त्यात होते का, एवढेच वहीत लिहायचे. चिक्सेंटमिहायने हीच पद्धत पेजर देऊन वापरली होती. 1989 साली लेफेव्हर या सहसंशोधकाबरोबर 78 नोकरदारांवर केलेल्या अशा अभ्यासात एक विसंगती पुढे आली: लोकांना तल्लीनतेचे अनुभव फावल्या वेळेपेक्षा कामावरच जास्त येत होते, तरी कामावर असताना "इथे नसतो तर बरे" असेही त्यांनाच अधिक वाटत होते. आपल्या गृहस्थांच्या वहीतही तेच निघाले. मन लागल्याच्या नोंदी बहुतेक कारखान्यातल्या होत्या, म्हणजे नव्या जॉबचे सेटिंग लावताना आणि शिकाऊ मुलाला टूलला धार लावायला शिकवताना. रात्रीच्या रील्ससमोर त्यांनी स्वतःच "वेळ गेला, मन नव्हतं" असे लिहिले होते. वेळेचे भान सुटणे ही तल्लीनतेची एक खूण असली, तरी तेवढ्यावरून ती ओळखू नये. रील्सना आपल्याकडून कोणतेच कौशल्य नको असते, आणि जुगारात तर भान सुटून घरही बुडते.

पुढचे बदल साधेच होते. मालकांशी बोलून त्यांनी सकाळचा पहिला तास नव्या जॉबच्या पहिल्या नगाच्या तपासणीसाठी राखून घेतला आणि तेवढा वेळ फोन स्टोअरमधल्या सहकाऱ्याकडे दिला. रिजेक्शनचा हिशेब महिन्याऐवजी प्रत्येक शिफ्टला, मशीनवार फळ्यावर लिहायला त्यांनी सुरुवात केली आणि रोज एकाच बाद नगाचे कारण शेवटपर्यंत शोधायचे, असे ठरवले. माझ्या मते यातला फळ्याचा बदल सर्वांत मोलाचा होता, कारण चूक त्याच दिवशी दिसू लागल्यावर सुपरवायझरच्या कामालाही लेथसारखे माप मिळाले.

संध्याकाळचा प्रश्न निराळा होता. तरुणपणी ते पेठेतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. पुन्हा जाऊन पाहिले, तर हात बसेना, मंडळाची लय झेपेना आणि चारचौघांत लाजल्यासारखे होऊन ते परत आले. इथे कौशल्याच्या मानाने अवघडता वाढली होती, म्हणून मंडळ काही दिवस बाजूला ठेवून घरी एकट्याने संथ लयीत भजनी ठेका धरायचा आणि आठ मात्रा स्वच्छ पडू लागल्या, की मगच लय थोडी वाढवायची, असे ठरले. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा चुकली की कानाला लगेच कळते, त्यामुळे शिकवायला दुसरे कोणी लागले नाही. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे कंटाळवाणी जातात, हे मी आधीच सांगून ठेवले होते. पुष्कळ लोक नेमके त्या टप्प्यावर उठून मोबाइल घेतात.

आता ते एकादशीला मंडळात बसतात. डिस्पॅचच्या पाठपुराव्याचे फोन मात्र अजून त्यांना नकोसे वाटतात. ते काम कंटाळवाणे आहे आणि तसेच राहणार, म्हणून ते सगळे फोन त्यांनी जेवणानंतरच्या एका तासात एकत्र केले आहेत, आणि त्यातही तल्लीनता शोधा, असे मी त्यांना सांगितलेले नाही.